तालियामेन्तोच्या वाटेवरचं शिलाई मशीन : हेमिंग्वेच्या उमेदवारीच्या वर्षांचा तारीखवार पंचनामा

पहिल्या महायुद्धात, २४ ऑक्टोबर १९१७ च्या पहाटे, जर्मन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन फौजांनी इसोन्झो नदीच्या खोऱ्यात कापोरेत्तोपाशी इटलीची फळी फोडली. पुढच्या अडीच आठवड्यांत इटालियन सैन्य आधी तालियामेन्तो नदीपर्यंत आणि मग थेट पियावेपर्यंत मागे आलं. अडीच लाखांहून जास्त सैनिक कैद झाले, तीन हजारांवर तोफा गेल्या, सरसेनापती कादोर्ना यांची उचलबांगडी होऊन दियाझ आले. सैन्याबरोबर लाखो नागरिकही भर पावसात घरंदारं सोडून निघाले.

त्या दिवशी, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला अर्नेस्ट हेमिंग्वे अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात होता. वय अठरा वर्षं तीन महिने. 'कॅन्सस सिटी स्टार' या दैनिकात उमेदवार बातमीदार म्हणून लागून त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

बारा वर्षांनी, सप्टेंबर १९२९ मध्ये, त्याची 'अ फेअरवेल टु आर्म्स' ही कादंबरी आली. तिच्या मधल्या भागात ही माघार इतकी नेमकी उतरली आहे की लेखक त्या रस्त्यावर होता अशी वाचकाची खात्रीच पटते. तो नव्हता. मग ती माघार आली कुठून? हे प्रकरण तेवढ्या एका प्रश्नाचं आहे, आणि लेखकाचं पूर्वायुष्य जगाच्या घडामोडींशेजारी ठेवून कसं तपासायचं याचा चांगला नमुना म्हणून निवडलं आहे.

चार रकाने

नेहमीचा तक्ता दोन रकान्यांचा असतो : डावीकडे जगात काय घडलं, उजवीकडे लेखकाच्या आयुष्यात काय घडलं. एवढ्यावर काम भागत नाही. '१९१८ : पहिलं महायुद्ध / १९१८ : हेमिंग्वे इटलीत' अशी ओळ बरोबर असूनही फसवते, कारण तो कोणत्या महिन्यात, कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर, काय काम करत होता हे ती सांगत नाही. कमीत कमी चार रकाने लागतात. पहिला, घटना आणि तिची तारीख. दुसरा, त्या तारखेला लेखक प्रत्यक्ष कुठे होता. तिसरा, त्याने तिथे काय पाहिलं आणि काय फक्त ऐकलं किंवा वाचलं. चौथा, त्यावर त्याने केव्हा, कोणत्या स्वरूपात लिहिलं.

दुसरा रकाना सगळ्यात आधी भरायचा, आणि तोही फक्त पत्रं, बोटींच्या तारखा, दवाखान्यातल्या नोंदी आणि छापील बातम्या यांवरून. बहुतेक चरित्रलेख घसरतात ते इथेच. दुसऱ्या रकान्यात खिंडार दिसलं की कादंबरीतला तपशील उचलून तिथे बसवतात आणि मग त्याच तपशिलाच्या आधारे 'कादंबरी किती खरी आहे' असं म्हणतात. हेमिंग्वेच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, कारण तो स्वतःही खिंडारं मोठ्या उत्साहाने बुजवत असे.

कॅन्सस सिटी : ऑक्टोबर १९१७ ते एप्रिल १९१८

त्याचा जन्म २१ जुलै १८९९ चा, शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कचा. वडील डॉक्टर, आई गायिका आणि संगीतशिक्षिका. सहा भावंडांत हा दुसरा. उन्हाळे मिशिगनमधल्या वॉलून तलावाकाठी. या भागावर फार रेंगाळायचं कारण नाही; आपल्या प्रश्नाला त्यातली एकच गोष्ट लागते, ती म्हणजे जन्मतारीख.

६ एप्रिल १९१७ ला अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. जूनमध्ये तो हायस्कूल संपवून बाहेर पडला. सक्तीच्या सैन्यभरतीसाठी पहिली नोंदणी ५ जून १९१७ ला झाली ती २१ ते ३० वयाच्या पुरुषांची, म्हणजे हा त्यात बसत नव्हता. त्यात डाव्या डोळ्याची नजर अधू. कॉलेजला न जाता काकांच्या ओळखीने तो 'स्टार'मध्ये लागला. पगार आठवड्याला १५ डॉलर. वाट्याला आलेली हद्द म्हणजे पोलीस ठाणं, रेल्वे स्टेशन आणि सरकारी इस्पितळ. या दैनिकाचं लेखनाचं नियमपत्रक प्रसिद्ध आहे : वाक्यं छोटी, पहिला परिच्छेद छोटा, भाषा जोमदार, विधान होकारार्थी. पुढे त्याने या पत्रकाला मोकळेपणाने श्रेय दिलं.

इथे पहिल्या रकान्यातली एक तारीख ठळक करावी लागते. अमेरिकेने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं ते ७ डिसेंबर १९१७ ला. म्हणजे कापोरेत्तो घडलं तेव्हा अमेरिकेचं ऑस्ट्रियाशी युद्धच नव्हतं. अमेरिकन पायदळाची रेजिमेंट इटलीत पोचली ती थेट जुलै १९१८ च्या अखेरीस. कापोरेत्तोनंतर खचलेल्या इटलीला धीर द्यायला अमेरिकन रेड क्रॉसने तिथे मोठ्या प्रमाणावर माणसं पाठवायला सुरुवात केली आणि त्याच लाटेत हेमिंग्वेची वर्णी लागली. ३० एप्रिल १९१८ ला त्याने 'स्टार' सोडलं. सगळी मिळून साडेसहा महिन्यांची नोकरी.

कार्यकारण इथे उलटं आहे, ते नीट पाहा. कापोरेत्तोच्या माघारीत तो नव्हता, पण ती माघार झाली म्हणून तो इटलीला गेला.

फोसाल्ता : ८ जुलै १९१८

मे महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्कहून बोट, मग बोर्दो, पॅरिस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मिलान. ७ जूनला मिलानजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मोठा स्फोट झाला. मेलेल्यांत बहुतेक तिथे कामाला असलेल्या बायका होत्या. आल्या आल्या त्याला लावलं ते तिथले मृतदेह आणि त्यांचे तुकडे गोळा करायच्या कामाला. मग स्किओ या डोंगराच्या पायथ्याच्या गावी रुग्णवाहिका चालवण्याचं काम. तिथे फारसं काही घडेना. १५ ते २३ जून या काळात ऑस्ट्रियाने पियावे ओलांडायचा शेवटचा मोठा प्रयत्न केला आणि तो फसला. त्यानंतर हेमिंग्वे स्वतःहून पियावेवरच्या फिरत्या उपाहारगृहाच्या कामावर गेला. काम साधं होतं : चॉकलेट, सिगारेटी, पोस्टकार्डं घेऊन सायकलवरून खंदकांपर्यंत जायचं आणि वाटायची.

८ जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमाराला फोसाल्ता दि पियावे इथे ऑस्ट्रियन खंदकी तोफेचा गोळा पुढच्या चौकीवर पडला. हे गोळे धातूच्या तुकड्यांनी ठासलेले असत, त्यामुळे जखमा थोड्या खोल आणि असंख्य वरवरच्या. त्याच्या पायांत २२७ तुकडे गेल्याचा आकडा त्याच्या घरी गेलेल्या पत्रांत येतो. एकोणीस पूर्ण व्हायला तेरा दिवस उरले होते. पियावेवरचा त्याचा एकूण काळ जेमतेम दोन आठवड्यांचा.

या रात्रीभोवती कथा फार साचल्या आहेत, म्हणून नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. इटलीने त्याला शौर्यासाठी रौप्यपदक दिलं. त्याच्या मानपत्रात म्हटलं आहे ते एवढंच, की स्वतः जखमी असताना आपल्याहून गंभीर जखमी इटालियन सैनिकांना त्याने मदत केली आणि ते हलवले जाईपर्यंत स्वतःला हलवू दिलं नाही. एका जखमी सैनिकाला पाठीवर घेऊन तो शंभरेक पावलं चालला आणि वाटेत मशीनगनची गोळी गुडघ्यात शिरली, हा भाग मानपत्रात नाही. तो मित्राच्या पत्रातून आणि पुढे खुद्द त्याच्या तोंडून येतो. त्याला 'इटलीत जखमी झालेला पहिला अमेरिकन' म्हणण्याची पद्धतही जपून वापरावी, कारण रेड क्रॉसच्याच उपाहारसेवेतले एडवर्ड मॅकी १६ जूनला फोसाल्ताजवळच मारले गेले होते. हुद्द्याचंही तसंच. रेड क्रॉसच्या माणसांना मानद लेफ्टनंटचा दर्जा असे, पण ते सैनिक नव्हते. मार्च १९१९ मध्ये आपल्या जुन्या शाळेत त्याने तुकड्यांनी चाळण झालेली पँट विद्यार्थ्यांना दाखवली आणि आर्दिती या इटलीच्या निवडक तुकडीबरोबर लढल्याचं सांगितलं. पँट खरी होती.

मिलानच्या अमेरिकन रेड क्रॉस इस्पितळात तो १७ जुलैला दाखल झाला. तिथे त्याच्याहून सात वर्षांनी मोठी परिचारिका अ‍ॅग्नेस फॉन कुरोव्स्की भेटली. मार्च १९१९ मध्ये पत्र पाठवून तिने संबंध तोडले. ऑक्टोबरच्या अखेरीस, इटलीची शेवटची चढाई सुरू होताना तो पुन्हा आघाडीकडे गेला आणि कावीळ होऊन परतला. ४ नोव्हेंबरला इटलीच्या आघाडीवर युद्धविराम लागू झाला.

आता नकाशा उघडा. कादंबरीचा नायक फ्रेडरिक हेन्री गोरित्सियात राहतो, प्लावाला जखमी होतो, उदिनेच्या बाजूने माघार घेतो, तालियामेन्तोत उडी टाकतो. ही सगळी ठिकाणं पियावेच्या पूर्वेला आहेत. नोव्हेंबर १९१७ ते नोव्हेंबर १९१८ हा सगळा टापू ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. हेमिंग्वे आघाडीवर होता त्या दिवसांत हा प्रदेश शत्रूच्या बाजूला, म्हणजे पाहणं शक्यच नव्हतं.

गोष्ट एक वर्ष मागे नेली की काय काय हलवावं लागतं

लेखकाची कारागिरी इथे उघड दिसते. १९१८ मध्ये स्वतःला झालेली जखम आणि इस्पितळातलं प्रेम त्याने १९१७ च्या उन्हाळ्यात नेऊन ठेवलं, कारण पुढे ऑक्टोबरमध्ये कापोरेत्तो हवं होतं. तसं करताच रेड क्रॉसचा गणवेश निकामी झाला. नायक इटालियन सैन्याच्याच रुग्णवाहिका दलात असायला हवा, मग त्याला इटालियन बोलता यायला हवं, मग तो युद्धाआधीपासून इटलीत वास्तुकला शिकत होता असं ठेवावं लागलं. आणि तो इटालियन सैन्यातला अधिकारी झाल्यामुळेच तालियामेन्तोच्या पुलावर, तुकडीपासून तुटलेल्या अधिकाऱ्यांना बाजूला काढून गोळ्या घालणाऱ्या सैनिकी पोलिसांच्या तावडीत तो सापडू शकला. चॉकलेटवाल्या रेड क्रॉसच्या पोराला तिथे कोणी विचारलंही नसतं.

एक वस्तू मात्र तशीच मागे सरकली : मिलानचं अमेरिकन इस्पितळ. ते १९१८ च्या उन्हाळ्यातलं, कादंबरीत ते १९१७ मध्येच थाटलेलं आहे. चौथ्या रकान्यातली अशी न जुळणारी वस्तू दिसली की हायसं वाटावं. जोड कुठे दिला आहे ते तिच्यावरून कळतं.

थ्रेस : ऑक्टोबर १९२२

सप्टेंबर १९२१ मध्ये हॅड्ली रिचर्डसनशी लग्न, डिसेंबरमध्ये पॅरिस. आता तो 'टोरोंटो स्टार'चा युरोपातला बातमीदार होता. १९२२ हे त्याच्या तक्त्यातलं सगळ्यात दाट वर्ष. एप्रिलमध्ये जिनोआ परिषद, जूनमध्ये मिलानला मुसोलिनीची मुलाखत. त्याच फेरीत तो हॅड्लीला घेऊन फोसाल्ता पाहायला गेला. तिथे काही उरलं नव्हतं. खंदकांच्या जागी हिरवा उतार, मोडलेल्या गावाच्या जागी नवी कोरी, कुरूप घरं. जुनी आघाडी पुन्हा पाहायला जाऊ नये अशा अर्थाचा लेख त्याने त्यावर लिहिला.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला मुस्तफा केमाल यांच्या तुर्की सैन्याने अनातोलियात ग्रीकांवर निर्णायक चढाई केली, ९ सप्टेंबरला स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, घेतलं आणि १३ तारखेला शहराला आग लागली. ११ ऑक्टोबरला मुदान्याचा युद्धविराम करार झाला, त्यानुसार ग्रीक सैन्याला पूर्व थ्रेस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा युरोपातला भाग, पंधरा दिवसांत रिकामं करायचं होतं. (आपल्याकडे हेच प्रकरण दुसऱ्या टोकाने माहीत असतं. मुंबईच्या खिलाफत समितीचं लक्ष तुर्कस्तानशी होणाऱ्या तहांकडे होतं, आणि तुर्कस्तानला सवलती द्या अशी भारत सरकारची तार परस्पर छापू दिली म्हणून भारतमंत्री माँटेग्यू यांना मार्च १९२२ मध्ये राजीनामा द्यावा लागला.)

सैन्य निघालं तसे तिथले ख्रिस्ती रहिवासीही निघाले. हेमिंग्वे सप्टेंबरच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलला पोचला, हिवतापाने आजारी पडला आणि तशाच अंगाने एद्रियानोपलला, म्हणजे आजच्या एदिर्नेला गेला. मारित्सा नदीच्या पुलावरून जाणारी वीस मैलांची रांग त्याने पाहिली. गाई, बैल आणि चिखलाने माखलेल्या म्हशी जुंपलेल्या गाड्या, वरून पाऊस, आणि माणसांच्या तोंडून शब्द नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पॅरिसला परतलाही. थ्रेसमध्ये घालवलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण हारलेलं सैन्य आणि विस्थापित प्रजा एकाच रस्त्यावर, एकाच पावसात चाललेली त्याने डोळ्यांनी पाहिली ती इथेच.

२० ऑक्टोबरला छापून आलेल्या बातमीपत्रात एक प्रसंग आहे. गाडीत एक बाई बाळंत होते आहे, नवरा तिच्यावर घोंगडी धरून पाऊस अडवतो आहे, साऱ्या रांगेत आवाज फक्त तिचा. शेजारची तिची लहान मुलगी भेदरून रडू लागते. सहा महिन्यांत याच मजकुराचा एक परिच्छेद झाला आणि तो १९२३ च्या वसंतात एका वाङ्मयीन नियतकालिकात आला. त्यातून नवरा काढून टाकलेला आहे. घोंगडी आता मुलीच्याच हातात आहे. तीच धरते, तीच रडते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. नवरा गेल्यामुळे भीती आणि काम एकाच लहान माणसावर येऊन पडलं. बातमीदाराचा कादंबरीकार कसा होतो हे दाखवायला आमच्या मते याहून स्वच्छ पुरावा त्याच्या साऱ्या कागदांत नाही.

त्याच परिच्छेदात गाड्यांवरच्या सामानाची यादी येते : गाद्या, आरसे, शिलाई मशिनं, गाठोडी. आता १९२९ ची कादंबरी काढा आणि माघारीच्या भागात, अडकून पडलेल्या रांगेपाशी थांबा. तिथे शेतकऱ्यांच्या गाड्या आहेत, गाद्यांमधून आरसे वर आले आहेत, कोंबड्या-बदकं बांधली आहेत, आणि पुढच्या गाडीवर पावसात एक शिलाई मशीन भिजतं आहे. सामान तेच, क्रमही जवळजवळ तोच. थ्रेसची गाडी इटलीच्या ईशान्येकडच्या फ्रिउलीच्या रस्त्यावर आली आहे.

इथे हात आखडता घ्यायला हवा. शिलाई मशीन १९१७ च्या इटालियन शेतकऱ्याकडेही असणारच, आणि घर सोडताना कोणीही आधी किमती वस्तू उचलतो. एका वस्तूवरून निकाल देता येत नाही. पण वस्तू, पाऊस, तुंबलेली रांग, पूल आणि घाबरलेल्या मुली (कादंबरीत रुग्णवाहिकेत बसवलेल्या दोन बहिणी) असं सगळं एकत्र येतं, आणि दुसऱ्या रकान्यात ऑक्टोबर १९१७ पुढे 'कॅन्सस सिटी' लिहिलेलं असतं, तेव्हा संशयाचा फायदा थ्रेसला द्यावा. रस्ते, गावांची नावं, तारखा आणि सैन्याच्या हालचाली नकाशांतून, छापील इतिहासांतून आणि इटलीत भेटलेल्या माणसांच्या बोलण्यातून मिळवता येतात. भिजणारी गाडी तशी मिळत नाही.

आणखी दोन खाचा

स्मर्ना शहर जळत असताना हेमिंग्वे तिथे नव्हता. धक्क्यावरच्या निर्वासितांबद्दलचा त्याचा प्रसिद्ध मजकूर १९३० मध्ये 'इन अवर टाइम' या त्याच्या कथासंग्रहाच्या नव्या आवृत्तीला सुरुवातीला जोडला गेला. पुस्तकावर पहिलं साल १९२५ दिसतं, मजकूर पहिल्याच पानावर, म्हणून पुष्कळ जण तो डोळ्यांनी पाहिलेला आणि सगळ्यात आधी लिहिलेला समजतात. तसंच अथेन्समधलं. २८ नोव्हेंबर १९२२ ला त्या पराभवाला जबाबदार ठरवून पाच राजकारणी आणि एका सेनापतीला गोळ्या घातल्या गेल्या. त्यावरचा त्याचा परिच्छेद इतका थंड आणि जवळून पाहिल्यासारखा आहे की लेखक भिंतीपाशीच उभा असावा असं वाटतं. तो त्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला होता, तिथल्या शांतता परिषदेच्या बातम्या देत.

दुसरी खाच तारखांची. बातमीपत्रावर तीन तारखा असू शकतात : पाहिल्याची, लिहिल्याची, छापल्याची. तारेने गेलेला मजकूर लगेच छापला जाई, टपालाने गेलेला दोन-तीन आठवड्यांनी. थ्रेसच्या निर्वासितांवरचा त्याचा दुसरा लेख नोव्हेंबरच्या मध्यात छापला गेला, तेव्हा तो पॅरिसला परतून तीन आठवडे उलटले होते. छापल्याची तारीख दुसऱ्या रकान्यात टाकली तर माणूस एकाच वेळी दोन देशांत दिसतो. शिवाय 'टोरोंटो स्टार'ला न सांगता तो त्याच दौऱ्याच्या बातम्या एका अमेरिकन वृत्तसंस्थेला जॉन हॅड्ली या नावाने विकत होता, त्यामुळे एकच दृश्य दोन नावांखाली सापडतं.

तक्त्याची शेवटची ओळ

कादंबरी त्याने मार्च १९२८ मध्ये पॅरिसला सुरू केली आणि की वेस्ट, आर्कान्सस, वायोमिंग असं हिंडत ऑगस्टपर्यंत पहिला खर्डा पुरा केला. तिचा शेवट लोझानमध्ये होतो, बाहेर पाऊस, आत पोट फाडून केलेलं बाळंतपण. लोझान त्याने परिषदेच्या बातम्या देताना पाहिलेलं. बाळंतपण खर्डा चालू असतानाच घरात घडलं : २८ जून १९२८ ला दुसरी पत्नी पॉलिन हिला शस्त्रक्रिया करून मुलगा झाला. त्या तारखेपुढे दुसऱ्या रकान्यात, हस्तलिखितासकट, पुन्हा 'कॅन्सस सिटी' येतं.